धुराची वाट



या व्याख्यानमालेत साहित्यावर, इतिहासावर आणि अर्थकारणावर बोलणारी विद्वान मंडळी येऊन गेली, आणखी येणार आहेत. त्यांच्या रांगेत आम्हाला उभे करण्यात चिटणीसांनी बरेच धाडस केले आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या बॉयलरखान्यात आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. विषय कोणता घेणार असे चिटणीसांनी विचारले तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही म्हणालो, "न्हाणीघरातल्या गॅस गीझरवर बोलू." ते थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तासभर पुरेल का हो?" पुरतो की नाही ते आता आपणच पाहावे.

हा विषय आमच्याकडे कसा आला ते आधी सांगितले पाहिजे, कारण तो पुस्तकातून आलेला नाही. दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीचा बोनस त्या वर्षी बरा झाला होता. विजेच्या बिलाने सगळेच त्रासलेले होते, आणि सिलिंडरवर पाणी तापवले तर स्वस्त पडते असे ज्याच्या त्याच्या तोंडी होते. सभासदांनी मागणी केली म्हणून आम्ही युनियनतर्फे एका दुकानदाराशी घासाघीस केली, पन्नासएक गीझर एकदम घेतो म्हणून सवलत मिळवली, आणि आमच्या पतपेढीतून हप्त्याने रक्कम दिली. यादी आम्ही स्वतः आमच्या हाताने लिहिली. दुकानदाराचा माणूस दिवसाला पाच-पाच घरे उरकत होता. तो प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारी, "कुठे लावू?" आणि घरची माणसे म्हणत, "न्हाणीघरात, नाहीतर कुठे?" नळाच्या वर दोन खिळे, खाली रबरी नळी, झाले काम. आम्ही फार समाधानात होतो.

जानेवारीत थंडी पडली. आमचा एक सभासद, टर्नर, रात्रपाळी करून सकाळी घरी आला. बायको न्हाणीघरात होती. पाण्याचा आवाज येत होता. केस धुत असेल असे समजून तो चहा ठेवून बसला. चहा झाला, पेपर वाचून झाला, पाण्याचा आवाज तसाच. हाका मारल्या, दार ठोठावले, शेवटी शेजाऱ्याच्या मदतीने कडी तोडली. नळ चालू होता, पाणी गरम होते, गीझरची ज्योतही जळत होती. खिडकीच्या काचपट्ट्यांवर त्यानेच दोन दिवसांपूर्वी थर्मोकोल बसवला होता, गार वारा येतो म्हणून. तिचा चेहरा इतका गुलाबी होता की ती नुसती बेशुद्ध आहे असेच सगळ्यांना वाटले. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेलेली होती. प्रथम हृदयविकार म्हणाले. रक्त तपासल्यावर खरे कारण कळले.

स्मशानात तो आमच्याशेजारी बसला होता. बराच वेळाने म्हणाला, "साहेब, यादीत माझे नाव तुम्हीच घातले होते ना?" त्यात राग नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हते, एवढेच. पण ज्या युनियनने रंगकामाच्या खात्यात धूर ओढणारा पंखा बसवून घेण्यासाठी नऊ दिवस काम बंद ठेवले होते, तिने आपल्याच सभासदांच्या घरी विषाचा कारखाना हप्त्याने नेऊन दिला, आणि धुराची वाट कुठे आहे हे एका शब्दाने विचारले नाही. त्यानंतर आम्ही शिकायला बसलो. जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की गॅसचे भय आपल्याला आहे, पण ते नको त्या गॅसचे आहे. सिलिंडरमधला गॅस गळला की वास येतो. तो वास त्याचा स्वतःचा नव्हे, गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. वास आला की आपण खिडक्या उघडतो, रेग्युलेटर बंद करतो, दिव्याचे बटन दाबत नाही. हे सगळे बरोबर आहे, आणि हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. परंतु आमच्या टर्नरच्या घरी गॅस गळलेला नव्हताच. तो जळत होता. मारले ते जळलेल्या गॅसने, आणि त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबणेही नाही.

गॅस भरपूर हवेत जळला तर त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. हवा अपुरी पडली की जळणे अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जुन्या शालेय पुस्तकांतून त्याला कर्ब-एक-प्राणिद म्हणत. एकोणिसाव्या शतकात मुंबईला दगडी कोळशापासून काढलेला गॅस नळाने पुरवला जाई, त्यात हे विष मुळातच असे. आजच्या सिलिंडरमध्ये किंवा नळाने येणाऱ्या नैसर्गिक गॅसमध्ये ते नसते, ते आपण आपल्या घरी तयार करतो. रक्तातला तांबडा पदार्थ, हिमोग्लोबिन, प्राणवायू वाहून नेण्याचे काम करतो. त्याला कार्बन मोनॉक्साइडची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक आहे. म्हणजे गाडीच्या डब्यात ज्याने आधी येऊन जागा अडवावी आणि उठायचे नाव घेऊ नये, तसा हा वायू रक्तात बसून राहतो. छाती भरून श्वास घेतला तरी प्राणवायूला जागा मिळत नाही. हवेच्या हजार भागांत याचे दीड भाग झाले तर वीस मिनिटांत डोके दुखू लागते, आणि माणूस तासा-दोन तासांत मरू शकतो. सहा भाग झाले तर अर्धा तासही लागत नाही. त्यात आणखी एक वाईट असे की पहिल्यांदा पाय गळतात. माणसाला काहीतरी बिघडले हे कळते, पण उठून कडी काढवत नाही.

या वायूचा पुरता शोध खाणकामगारांच्या मरणातून लागला, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विसरता येत नाही. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाचा ब्रिटिश शास्त्रज्ञ हा वायू स्वतः हुंगून, आपल्यावर काय परिणाम होतो ते टिपून ठेवीत असे. कोळशाच्या खाणीतल्या स्फोटांनंतर जी माणसे मरतात ती बहुतांशी भाजून नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात, असा अहवाल त्याने १८९६ साली दिला. लहान जीव आधी ढासळतो म्हणून खाणीत पिंजऱ्यातला पक्षी न्यावा ही सूचना त्याचीच. ब्रिटनच्या खाणींतून ते कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते. आपल्या न्हाणीघरात पक्षी नसतो. तेथे आधी ढासळणारा लहान जीव म्हणजे आपले मूल.

आता थोडा हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत, पण फसवे नाहीत. चाळीतल्या किंवा लहान सदनिकेतल्या न्हाणीघराची लांबीरुंदी चार फूट बाय पाच फूट, उंची आठ फूट. म्हणजे १६० घनफूट हवा, त्यातही माणूस आणि बादली. मिनिटाला सहा लिटर पाणी अंघोळीपुरते गरम करणारा गीझर दहा मिनिटांत सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो गॅस पुरता जळायला चारशे घनफुटांहून अधिक हवा लागते. तेव्हा दहा मिनिटांच्या अंघोळीत साठ-सत्तर घनफूट हवेचा प्राणवायू ज्योतीने खाल्ला. हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो, तो अठरावर आला की ज्योत नीट जळेनाशी होते. सगळ्या फटी बुजवलेल्या असतील तर याला चार-पाच मिनिटे पुरतात. काही गीझरांना वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते आणि दुकानदार ती मोठ्या अभिमानाने दाखवतो. बंद खोलीत वीस मिनिटे म्हणजे काय, ते आपण आता स्वतः मोजू शकता.

१९४८ च्या कारखाना कायद्यात छत्तिसावे कलम होते. त्याच्या आधाराने आम्ही अनेक वर्षे भांडलो, म्हणून ते पाठ आहे. ज्या टाकीत, खड्ड्यात, धुरांड्यात किंवा कोंडलेल्या जागेत घातक वायू असण्याचा संभव आहे तेथे कामगाराला पाठवायचे तर बाहेर पडण्याची पुरेशी वाट हवी. जाणत्या माणसाने आतली हवा तपासून तसा लेखी दाखला दिलेला हवा. नाहीतर कामगाराच्या तोंडावर श्वासाचे उपकरण आणि कमरेला दोर हवा, आणि दोराचे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवे. कारखान्यात आम्ही व्यवस्थापकाला हे कलम वाचून दाखवत होतो. आणि घरी येऊन चार बाय पाचच्या खोलीत बर्नर पेटवून, आतून कडी लावून, आमची मुलेबाळे एकटी जात होती.

आपल्या वाडवडिलांना रसायनशास्त्र येत नव्हते, पण ते अंघोळीचे पाणी तापवीत ते तांब्याच्या बंबात. बंबाच्या पोटात मधोमध नळी असते. खाली जाळ, वर धुरांडे, भोवती पाणी. बंब परसात किंवा पडवीत असे, कारण धूर दिसत होता आणि डोळ्यांत जात होता. धुराचा त्रास हाच त्यांचा पहारेकरी होता. गॅसने तो त्रास नाहीसा केला, आणि त्याबरोबर पहारेकरीही गेला. अर्थात जुने ते सगळे शहाणपणाचे होते असेही नव्हे. बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल आपल्याकडे होती, अजून कोठे कोठे आहे. फुललेल्या निखाऱ्याचा धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून भरपूर निघतो. शेक-शेगडी करायचीच तर खिडकी उघडी ठेवून करा आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर न्या, एवढे येथे बसलेल्या आजीबाईंना हात जोडून सांगतो.

धुरांड्याविषयी आमचे डोळे उघडले ते एका परक्या देशातल्या कागदामुळे. आमच्या एका सभासदाचा मुलगा इंग्लंडात लीड्स येथे शिकायला गेला. त्याने भाड्याने घेतलेली खोली जुन्या घरातली, भिंतीत पूर्वीची कोळशाची चूल, आणि तीत आता काचबंद गॅसची शेगडी बसवलेली. हिवाळ्यात तीच खोली उबदार ठेवते. घरमालकाने त्याला राहायला जाण्यापूर्वी एक कागद दिला. शेगडी तपासली, धूर नीट जातो, अमुक तारखेला अमुक माणसाने पाहिले, अशी त्यावर नोंद. पोराने गंमत म्हणून त्याचा फोटो बापाला पाठवला आणि बापाने तो आम्हाला दाखवला. आम्ही त्याला उलट विचारून विचारून भंडावून सोडले.

तेथे १९९८ चे गॅस-सुरक्षेचे नियम आहेत. भाड्याच्या घरातले गॅसचे उपकरण आणि त्याचे धुरांडे दर वर्षी तपासून घेणे ही घरमालकाची जबाबदारी. तपासणारा माणूस सरकारमान्य नोंदणीतला असावा लागतो, त्याच्याजवळ ओळखपत्र असते, आणि भाडेकरू ते मागून पाहू शकतो. पुढच्या वर्षी तपासनीस आला तेव्हा पोर मुद्दाम जवळ उभे राहिले. त्याने शेगडी पुढे ओढली आणि मागच्या पोकळीत धुरांड्यातून पडलेली माती-काजळी काढली. मग दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवली, काही मिनिटे तापू दिली, आणि धूर सोडणारी एक काडी शेगडीच्या वरच्या कडेशी धरली. धूर आत ओढला गेला. मग शेजारच्या स्वयंपाकघरातला पंखा चालू करून तीच परीक्षा पुन्हा घेतली. पंखा कशाला, असे मुलाने विचारले. उत्तर आम्हाला फार मोलाचे वाटले. खोलीतली हवा बाहेर ओढणारा पंखा जोरदार असेल आणि नवी हवा आत यायला वाट नसेल, तर तो धुरांड्यातलीच हवा उलटी खाली ओढतो. म्हणजे ज्याला आपण सुरक्षिततेसाठी बसवतो तो एक्झॉस्ट पंखाच विष खोलीत आणू शकतो. पंखा हवा तर दाराच्या तळाशी जाळी किंवा चांगली दोन बोटे फटही हवी.

आणखी एक गोष्ट त्या शेगडीमुळे कळली, आणि आमच्या मते सगळ्या विषयाचे मूळ तेथे आहे. उघड्या ज्योतीच्या जुन्या शेगडीची बहुतेक ऊब धुरांड्यातून आकाशात जात असे. नव्या काचबंद शेगडीत ती ऊब खोलीत खेळवतात, म्हणून गॅस कमी लागतो. पण सगळीच्या सगळी ऊब कोणी काढून घेत नाही. धुरांडे ओढते ते त्यातली हवा गरम आणि म्हणून हलकी असते यामुळे. ती गार झाली की ओढ संपली, आणि धूर खोलीत परतला. बॉयलरखान्यात आम्हाला हे एका म्हाताऱ्या बॉयलर अटेंडंटने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. वर जाणारी ऊब म्हणजे धूर वाहून नेणाऱ्याची मजुरी, असे तो म्हणे. ती कापाल तर तो काम सोडून जाईल. काटकसर करावी ती शहाण्या यंत्राने करावी. आपण मात्र धुरांडेच काढून टाकतो, झरोका बुजवतो, आणि त्याला बचत म्हणतो.

आणि न्हाणीघराविषयी त्या नियमांत काय आहे? न्हाणीघरात फक्त एकाच प्रकारचे गॅसचे उपकरण बसवता येते. ज्योत बंद पेटीत, जळायला हवा घराबाहेरून घ्यायची आणि धूरही घराबाहेर टाकायचा, खोलीतल्या हवेशी त्याचा काडीचा संबंध नाही, असे ते उपकरण. आपल्याकडे घरोघर लागलेला साधा गीझर त्या देशातल्या न्हाणीघरात लावणे हा गुन्हा ठरेल.

हे समजल्यावर आम्ही पाचसहा जण ती जुनी यादी घेऊन घरोघर गेलो. त्या फेरीत जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे. पुष्कळ गीझरांना धुरांडे नव्हतेच, ते बिनधुरांड्याचेच मिळतात आणि स्वस्त असतात. ज्यांना होते त्यांतल्या एका घरी रंगकामाच्या वेळी नळी काढली ती पुन्हा लावली नव्हती, भिंत चांगली दिसते म्हणून. दुसऱ्या घरी नळी वर गेली होती खरी, पण खोट्या छताच्या वर जाऊन थांबली होती. तिसऱ्या घरी ती इमारतीच्या डक्टमध्ये सोडली होती आणि वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची खिडकी त्याच डक्टमध्ये उघडत होती. एके ठिकाणी बाहेरच्या टोकाला जाळीची टोपी नव्हती आणि कबुतराने आत घरटे केले होते. गीझरच्या डोक्यावर पंचे वाळत घातलेले तर जिकडे तिकडे. एका आजीने झरोक्यात वर्तमानपत्रे कोंबली होती. आम्ही ती काढू लागलो तर म्हणाली, "अरे बाबा, मला गारठा सोसत नाही रे. तुम्ही जाल निघून, वारा माझ्या अंगावर."

एका सेवानिवृत्त कारकुनाने आम्हाला चांगलेच अडवले. ते म्हणाले, "पंधरा वर्षे हाच गीझर, हेच न्हाणीघर. एवढ्यात कोणाला चक्कर आलेली नाही. तुम्ही उगाच भीती घालता." आम्ही गप्प राहिलो, कारण उत्तर सुचेना. निघताना आमच्यातल्या एका पोराचे लक्ष खिडकीकडे गेले. ती कोरी करकरीत, ॲल्युमिनियमची सरकती. त्याने विचारले, "काका, ही कधी बसवली?" गेल्या दिवाळीत. आधीची लाकडी होती, पावसाने फुगलेली, कधी नीट न लागणारी. पंधरा वर्षे त्या घराला त्या वाकड्या खिडकीने जगवले होते. काकांनी त्याच दिवशी गीझर बंद केला. आजकाल घराघरांत खिडक्या सरकत्या आणि घट्ट होत आहेत, दाराला खाली रबर लागते आहे. तेव्हा इतकी वर्षे काही झाले नाही, हा पुरावा खिडकी बदलली की संपला.

मग करावे काय? सर्वांत चांगले म्हणजे गीझर न्हाणीघराबाहेर उघड्या गॅलरीत बसवावा आणि पाणी नळाने आत न्यावे. बाहेर म्हणजे बाहेर. काचा लावून बंद केलेली बाल्कनी ही बाहेर नव्हे, आणि स्वयंपाकघरही बाहेर नव्हे. गीझर आय.एस.आय. छापाचा घ्यावा. प्राणवायू कमी झाला की गॅस तोडणारी सोय त्यात आहे का ते विचारावे, पण तेवढ्यावर विसंबून खिडकी लावू नये. धुरांड्याचा गीझर असेल तर नळी शक्य तितकी सरळ वर चढलेली, कमीत कमी वाकणांची, खुल्या हवेत निघालेली आणि टोकाला टोपी असलेली हवी. उदबत्तीची परीक्षा घरच्या घरी होते. दार उघडे ठेवून, कोणीतरी बाहेर उभे करून, गीझर पाच मिनिटे चालवावा आणि उदबत्ती त्याच्या वरच्या भागात नळी सुरू होते तेथल्या मोकळ्या कडेशी धरावी. धूर आत खेचला गेला तर ठीक. तोंडावर आला तर गीझर बंद करून माणूस बोलवावा. ही परीक्षा धुरांडे ओढते की नाही एवढेच सांगते. कोंडलेल्या खोलीत अंघोळ करायला परवानगी देत नाही.

ज्योतीचा रंगही पाहावा. निळी, स्थिर ज्योत चांगली. पिवळी, लवलवणारी ज्योत किंवा गीझरवर काजळी दिसली तर बर्नर साफ करून घ्यावा. मात्र आमच्या टर्नरच्या घरी दार तोडले तेव्हा ज्योत कोणत्या रंगाची होती हे कोणालाच आठवत नाही, आणि अंघोळ करणारा माणूस ज्योतीकडे पाहत बसत नाही. वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वी, जाणत्याकडून साफसफाई हवीच. रबरी नळी आय.एस.आय. छापाची आणि पाच वर्षांत बदललेली असावी. गळती पाहायची तर साबणाच्या पाण्याने, काडी ओढून नव्हे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. नळाने येणारा नैसर्गिक गॅस हलका, तो वर चढतो. गळतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. कार्बन मोनॉक्साइड कळला की घंटा वाजवणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. पैसे असतील त्याने जरूर घ्यावे, आणि त्याची मुदत त्याच्यावर लिहिलेली असते ती पाहावी. धुरांड्याचे काम मात्र ते करत नाही.

हे सारे खर्चाचे आहे, आणि आमचे निम्मे सभासद भाड्याच्या खोलीत राहतात. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. त्यांच्यासाठी एक बिनपैशाचा नियम आम्ही घालून दिला. न्हाणीघराचे दार सताड उघडे ठेवून बादल्या भरायच्या, गीझर बंद करायचा, थोडा वेळ हवा खेळू द्यायची, मग आत जाऊन कडी लावायची. माणूस आत आणि ज्योत पेटलेली, असे एकाच वेळी कधी व्हायचे नाही. पाणी थोडे निवते, हे खरे. आमच्या घरी ते निवलेले पाणी आम्ही आता अंगवळणी पाडले आहे.

कोणी न्हाणीघरात कोसळलाच तर काय करावे हेही ऐकून ठेवा, कारण येथे घाईत चुका होतात. दार उघडताच आधी गॅस बंद करा, श्वास रोखून आत जा, माणसाला ओढून उघड्या हवेत आणा. तेथेच त्याला उठवत बसू नका, दुसराही पडतो. श्वास चालत नसेल आणि कोणाला कृत्रिम श्वास देणे येत असेल तर बाहेर आणून ते सुरू करावे. १०८ ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हे बोला, "न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता." हे सांगितले नाही तर झटका, फेफरे, हृदयविकार किंवा अन्नबाधा असे काहीही समजले जाते. कोरोनाच्या साथीपासून पुष्कळांच्या घरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो या बाबतीत चक्क फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरल्यासारखेच दिसते, आणि आकडा ठणठणीत येतो. या विषाची रक्ततपासणी वेगळी असते, ती मागून घ्यावी. नुसत्या हवेत रक्तातले विष निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, नाकातोंडावर शुद्ध प्राणवायू लावला तर तास-दीड तास. म्हणून "आता बरे वाटते आहे" म्हणून घरी परतू नये. बऱ्या झालेल्या माणसाची स्मरणशक्ती किंवा वागणे काही दिवसांनी, आठवड्यांनीही बिघडू शकते. आणि रोज अंघोळीनंतर डोके जड होते, मळमळते, बाहेर आल्यावर बरे वाटते, असे घरातल्या कोणी सांगितले तर त्याला पित्त म्हणून आवळासुपारी देऊ नका. गीझर तपासा.

सहकारी गृहसंस्थांची पदाधिकारी मंडळी या सभेत दिसत आहेत. वार्षिक सभेत गच्चीच्या गळतीवर चार चार तास भांडणे होतात, आम्ही ती ऐकली आहेत. त्यातला अर्धा तास या विषयाला द्यावा. कोणाच्या धुरांड्याची नळी डक्टमध्ये सोडली आहे याची यादी वॉचमनसुद्धा एका दुपारी करून देईल. भाड्याने खोल्या देणाऱ्यांनी वर्षातून एकदा तपासणी करून तो कागद भाडेकरूच्या हाती द्यावा, अशी आमची मागणी आहे. कायदा आज ना उद्या व्हावा असे आम्हाला वाटते, आणि त्यासाठी आम्ही अर्ज-विनंत्या करीतच आहोत. पण कायद्याची वाट पाहत कडी लावून बसणे बरे नव्हे.

तो टर्नर अजून आमच्या युनियनमध्ये आहे. वर सांगितलेल्या घरोघरच्या फेरीत उदबत्ती त्याच्याच हातात असे. तो फारसे बोलत नाही. परीक्षा घेतो, धूर कोणत्या बाजूला गेला ते दाखवतो, आणि पुढच्या घरी जातो. आज तो सभामंडपाच्या दाराशी टेबल टाकून बसला आहे. ज्यांना आपला गीझर पाहून हवा आहे त्यांनी नाव, पत्ता आणि घरी कोण कोणत्या वेळी असते एवढे त्याच्या वहीत लिहून जावे. रविवारी सकाळी सात ते अकरा या वेळात आमची माणसे येतील. पैसे नाहीत. चहाही ठेवू नये, घरे पुष्कळ असतात आणि माणसे पाच.